सुशीची सोय

ओगावासाननी सुशीचा पहिला घास तोंडात घातला, दोनदा चावला आणि कागदी रुमालात हळूच काढून ठेवला.

"चांगली आहे," ते म्हणाले.

शार्दूलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चेन्नईतलं हे तिसरं ठिकाण. पहिल्या पंचतारांकित हॉटेलातली सुशी उत्तम होती, पण तिथे पुन्हा पाऊल टाकण्याची त्याची ऐपत नव्हती. दुसरीकडे भातावर चक्क लिंबू पिळलं होतं. आणि इथे मासाच शिळा.

ओगावासान गिंडीच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. जपानहून आलेले. शार्दूल त्यांच्या हाताखाली. इथलं खाणं त्यांना सोसलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये ते सांबार बाजूला सारून नुसता दहीभात खायचे. आल्यापासून इतके वाळले होते की शर्ट खांद्यावरून ओघळायचा. मार्चअखेर त्यांची मुदत संपणार होती.

"ते चालले की खुर्ची मोकळी," राघोत्तम म्हणाले होते. राघोत्तम कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर. घराणं तंजावरचं, मराठी पिढ्यान्‌पिढ्या तिकडचंच. "वरचे लोक त्यांसच विचारतील, कोणास बसवू म्हणून. त्यांस खूश ठेवा. सरी?"

"काय करू पण, सर? माणूस काही मागतच नाही."

"खायास घाला की!"

तिन्ही हॉटेलं फसल्यावर नागोजींचा पत्ताही राघोत्तमांनीच दिला. नागोजी तंजावरकडचेच, वेस्ट मांबलममध्ये राहत. उमेदीत जहाजावर आचारी होते. एकदा कोबे बंदरात आजारी पडून मागे राहिले आणि वर्षभर तिथल्या एका खानावळीत राबले.

"सुशी?" नागोजी हसले. "कसाला हवी? ही राजसबाई कच्ची मासळी घरात घेईल का?"

"वेगळं भांडं ठेवा म्हणजे झालं," आतून त्यांची बायको, राजसबाई, म्हणाली. "पोर दारी आलंय. नाही कसाला म्हणता?"

नागोजींनी माशाच्या पैशांवर एक रुपयाही जास्त घेतला नाही. पण पहिला प्रयत्न फसला. इथला पोन्नी तांदूळ मोकळा, भाताचा गोळा हातातच सुटला. तेव्हा शार्दूलच्या बायकोने, रेवाने, डब्यातला इंद्रायणी काढून दिला. तिच्या आईने कामशेतहून पाठवलेला, सणासुदीला पुरवून वापरायचा तांदूळ. तो छान चिकटला. शनिवारी उजाडायच्या आत शार्दूल मोटारसायकलवर कासिमेडूच्या धक्क्यावर गेला आणि नुकता उतरलेला कुपा मासा बर्फात घालून घेऊन आला. जन्मात कधी माशाला न शिवलेला माणूस तो. घरी येऊन साबणाने तीनदा हात धुतले, तरी वास गेला नाही.

त्या दुपारी ओगावासान नागोजींच्या घरात चटईवर मांडी घालून बसले. एक घास खाल्ला. मग दुसरा. ताट संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आईची आठवण झाली," ते म्हणाले.

त्यानंतर दर शनिवारी ते मांबलमला येऊ लागले. त्यांच्या गालांवर रंग आला. राजसबाईंची रसमही ते वाटी तोंडाला लावून पिऊ लागले. कारखान्यात शार्दूलच्या खांद्यावर हात ठेवून बोलू लागले. इंद्रायणीचा डबा तेवढा रिकामा झाला.

फेब्रुवारीत रेवाच्या बदलीची ऑर्डर आली. ती नुंगंबाक्कमला एका बँकेत होती. कामशेतला आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यापासून तिने पुण्यासाठी अर्ज केला होता. आता पुणं मिळालं होतं. घ्यायचं की नाही ते आठवड्यात कळवायचं होतं.

"तू जा," शार्दूल म्हणाला. म्हणताना तिच्याकडे पाहिलं नाही.

"आणि तू?"

"मी इथे. ही पोस्ट मिळाली की कंपनीचं घर मिळेल, तीन खोल्यांचं. आईंना इथेच आणता येईल. नर्स ठेवता येईल. पण तुझं तू ठरव."

"माझ्याकडे बघून सांग. नक्की मिळेल?"

"त्या माणसाला मी दर शनिवारी घास भरवलाय, रेवा. नक्की."

रेवा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने बदली नाकारली. संध्याकाळी आईला फोन केला. आईची जीभ जड झाली होती, शब्द उमटत नव्हते. पलीकडून नुसतं रडू ऐकू येत राहिलं. रेवाने फोन ठेवला आणि शार्दूलला म्हणाली, "आता मागे फिरता येणार नाही."

मार्चमध्ये ओगावासाननी दोघांना नुंगंबाक्कमच्या आपल्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. रेवा ठेवणीतली पैठणी नेसली. नागोजींनी करून दिलेली सुशी टेबलावर मांडली होती. जेवण सुरू होण्याआधी ओगावासान उठून उभे राहिले आणि शार्दूलपुढे कमरेत वाकले.

"वरच्यांनी मला तुमच्याबद्दल विचारलं," ते त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले. "मी सांगितलं, असा माणूस मला तीस वर्षांच्या नोकरीत भेटला नाही."

टेबलाखाली रेवाने शार्दूलचा हात घट्ट धरला. आई गेल्या आठवड्यात दोनदा खाटेवरून पडली होती. या एका वाक्यासाठी तिने ते सारं सोसलं होतं. तिचे डोळे भरून आले. ते पाहून ओगावासानही गहिवरले.

"मी आता घरी जाणार होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही दोघांनी मला इथेच घर दिलंत. बायकोलाही बोलावून घेतलंय. शार्दूलसान, मी आणखी पाच वर्षं माझ्या खुर्चीवरच राहणार आहे."