चौथा कोपरा

पेटीची किल्ली शोधावी लागली नाही. चव्वेचाळीस वर्षं ती देवळीतल्या तसबिरीमागे लपवलेली होती आणि चव्वेचाळीस वर्षं साळूबाईला ते ठाऊक होतं. नवरा डेअरीला दूध घालायला गेला की गप्पांतून अर्धा तास तरी हलत नाही, हेही ठाऊक होतं. तिनं कात्री कमरेला खोचली आणि पेटी उघडली.

चोरी करायची ती फक्त वीतभर कापडाची. नात राजनंदिनी उद्या सकाळच्या पारनेरच्या गाडीनं निघणार होती, तिथून नगरला, नर्सिंगच्या हॉस्टेलवर. तिच्यासाठी साळूबाई तीन महिने गोधडी शिवत होती. काय तो सुखाचा उद्योग! दुपारची भांडी घासून झाली की ओसरीवर बसायचं आणि चिंध्यांचं गाठोडं सोडायचं. नातीचा पहिलीतला निळा फ्रॉक हाती लागला की तिचं भोकाड आठवायचं, सुनेच्या डोहाळजेवणाची हिरवी साडी हाती लागली की त्या दिवशी करपलेल्या पुरणपोळ्या. साळूबाई एकटीच हसत बसायची. धावदोरा एकदा चालू झाला की तिचे गुडघेसुद्धा दुखायचे विसरत. सून सविता म्हणायची, "आत्याबाई, डाक्टरच्या गोळ्या बंद करा, नुसती सुई धरा."

तिच्या माहेरची एक रीत होती. घर सोडून निघालेल्या पोरीच्या गोधडीला चार कोपरे चार माणसांचे लावायचे. ज्यांच्या मांडीवर पोर वाढली, त्यांच्या अंगावरच्या कापडाचे. आईचा कोपरा झाला, बापाचा झाला, साळूबाईचा स्वतःचाही झाला. आजोबांचा तेवढा राहिला. आता कारभारींचा सदरा पांढरा, धोतर पांढरं आणि टोपीही पांढरी. पांढरा कोपरा तर रीतीत चालत नाही. पांढरा म्हणजे मोकळा, माणूस नसलेला. उभ्या जन्मात या माणसाकडे रंगीत कापड एकच, लग्नातला डाळिंबी फेटा.

साळूबाईनं तो दोनदा मागून पाहिला होता. "त्याला हात लावायचा न्हाई," एवढंच उत्तर आलं. नातीवर जीव टाकणारा माणूस, पण फेट्यापुढे कवडीचुंबक. पोटच्या पोराच्या लग्नातही त्यांनी तो बांधला नव्हता.

तिनं फेटा भराभर उलगडला. टोक हातात आलं, कात्री उघडली, आणि हात तिथंच थांबला.

टोक आधीच कापलेलं होतं. चांगला वीतभर चौकोन गेला होता. उंदराचं काम म्हणावं, तर उंदीर काही काटकोनात कुरतडत नाही.

साळूबाईनं त्या चौकोनावर वीत धरून पाहिली, बरोबर गोधडीच्या कोपऱ्याएवढा. मग तिनं आपल्या अंथरुणातली जुनी गोधडी ओढून आणली. ही तिला लग्नात आईनं दिलेली. बाप लहानपणीच गेला होता, म्हणून आईनं चौथा कोपरा पांढरा ठेवला होता. सासरी येऊन महिना झाला असेल नसेल, एक दिवस त्या कोपऱ्यावर रंगीत तुकडा दिसला. "म्यांच लावला, माज्या जुन्या लुगड्याचा," सासूबाई म्हणाल्या होत्या. धुऊन धुऊन त्याचा रंग आता कळत नव्हता. टाके मात्र तसेच होते, कळप सोडून भरकटलेल्या शेळ्यांसारखे. त्या टाक्यांची साळूबाईनं सासूच्या तोंडावर किती चेष्टा केली होती! सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. कारभारी तेवढे उठून गोठ्यात निघून जायचे.

तिनं दोन टाके उसवले. आतली दुमड उघडली. जिथं इतक्या वर्षांत ऊन पोचलं नव्हतं, तिथं कापड डाळिंबी होतं.

दारात दुधाची किटली वाजली. कारभारी उंबऱ्यात उभे होते. समोर पेटी उघडी, फेटा पसरलेला, बायकोच्या हातात कात्री. चोरी करताना सापडली ती, पण चोरासारखं तोंड झालं त्यांचं.

"ह्याला कात्री कुनी लावली?" साळूबाईनं विचारलं.

कारभारींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुजा त्यो कोपरा मोकळा हुता. येताजाता त्याच्यावर हात फिरवायचीस. बघवंना मला."

"अन् आत्याबाई म्हनल्या, म्यां लावला?"

"आईला मीच म्हनलं, तुजं नाव सांग. गडीमानूस सुई घिऊन बसला म्हनल्यावर गावानं हसून मारला असता. फुडं सांगनार हुतो तुला. पर तू त्या टाक्यांना अशी नावं ठिवलीस, मंग सांगायची सोयच ऱ्हायली न्हाई."

साळूबाई हसत सुटली. हसता हसता डोळे भरून आले, ते पदरानं पुसले आणि पुन्हा हसली. सासूबाईंची तिनं मनातल्या मनात माफी मागितली. इतकं सुख वाटलं तिला, की लग्न आत्ताच लागल्यासारखं झालं. फेट्याचा वीतभर तुकडा तिनं त्यांच्या देखत कापला आणि नातीच्या गोधडीच्या चौथ्या कोपऱ्यावर ठेवला. सुईत दोरा ओवला. मग ती सुई तिनं नवऱ्यापुढे धरली.

कारभारी मागं सरकले. "अगं, तुजे टाके कसे मोत्यावानी. माजा कोपरा वाकडा दिसंल."

"वाकडाच दिसू द्या," साळूबाई म्हणाली. "पोरीला कळाया नगं व्हय, कुनाचा हाय त्ये?"