वासाची तक्रार

मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या वासाबद्दल रोज भांडायला येणारे शेजारच्या सोसायटीचे चेअरमन आगाशे आज आंबा बर्फीचा पुडा घेऊन इंजिनिअर नम्रतासमोर उभे राहिले.

"आभार मानायला आलोय, मॅडम. कालपासून वास अजिबात नाही. केलंत तरी काय?"

नम्रता ओशाळली. "काही नाही हो. मोटार जळलीय, केंद्र बंद आहे. तुमच्या सोसायटीच्या संडासांचं पाणी सध्या सरळ मुठा नदीत चाललंय."

"मग ठेवा की तसंच! नदीचं काय, ती नेते वाहून पुढे."

पुडा टेबलावर ठेवून आगाशे निघाले आणि दारातून परत वळले.

"अहो, मुख्य सांगायचं राहिलंच. रविवारी आमच्या सोसायटीची नदी स्वच्छता मोहीम आहे. प्रमुख पाहुण्या म्हणून आपणच यायचं."