लूबेकहून आलेलं पत्र

"हे पत्र लूबेकचं नाही," एबरलिन गुरुजी म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

सगळी नगरसभा पुढे झुकली. वालपुर्गने वेंडेलकडे पाहिलं. तिचा नवरा गेरोल्ट पिंपं बांधायला उत्तरेला गेला, त्याला सात वर्षं झाली. परवा एका गाडीवानाने वेशीवर हे पत्र टाकलं. गेरोल्ट लूबेकला प्लेगने वारला म्हणे. पत्र खरं ठरलं, तर रविवारी तिचं वेंडेल खोगीरवाल्याशी लग्न. खोटं ठरलं, तर जन्मभर ती बेपत्ता माणसाची बायको.

"कशावरून, गुरुजी?" नगरप्रमुखांनी विचारलं.

गुरुजींची ख्यातीच अशी, की कागद नुसता हुंगून ते लिहिणारा कुठल्या नदीचं पाणी प्यायलाय ते सांगत. जर्मन मुलखात दर वीस कोसांवर लिहिणं बदलायचं.

"लूबेकवाला पाण्याला 'वाटर' लिहील. इथं 'वास्सर' आहे. अथपासून इतिपर्यंत आपल्या श्वाबेन मुलखाचं वळण. हे इथंच कुणीतरी खरडलंय."

"तिकडे गेलेल्या आपल्याच माणसाने लिहिलं असेल!" वालपुर्ग ओरडली. "तुमचा लेक योस्ट नाही का गेला, तुमच्याशी भांडून?"

"योस्ट ब्रुगेला आहे. मजेत आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "या गावात लिहिता येणारा प्रत्येकजण माझ्या छडीखालून गेलाय, पोरी. त्यातलं लूबेकला कुणी नाही."

"आणि खाली हे लॅटिन?" नगरप्रमुखांनी विचारलं.

"मृतात्म्याची प्रार्थना. नकली पत्रांत हमखास असते. भारदस्त दिसतं."

पाद्रीबाबांनी मान डोलावली. त्यांचं लॅटिन पूजेपुरतंच होतं.

"मला स्वतःचं नाव लिहिता येत नाही हो!" वेंडेल कळवळला.

"म्हणून तर लिहून घेतलंस!" मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसली.

गुरुजींनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. सूर्य मावळायच्या आत वेंडेलला वेशीबाहेर काढायचं ठरलं. वालपुर्ग रडली नाही. जाताना गुरुजींच्या पायाशी थुंकली फक्त.

पत्र गुरुजींनी मागून घेतलं, शाळेत दाखवायला म्हणून. घरी येऊन कडी लावली, खिडकीशी बसले आणि खालच्या लॅटिन ओळी पुन्हा वाचल्या.

'बाबा, गेरोल्टला काल पुरलं. आज माझ्याही काखेत गाठ आलीय.'