हिनात्सूचा गुडघा

उत्तर न दिलेलं एक पत्र सौदीतल्या कतीफ शहराच्या हॉस्पिटलातले हाडांचे डॉक्टर अण्णासाहेब यांना अजून टोचत होतं. दहा वर्षांपूर्वी इथल्या फुटबॉल क्लबकडून खेळणाऱ्या हिनात्सू या जपानी मिडफिल्डरच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनी केलं होतं. मायदेशी परतल्यावर त्याने पत्रातून विचारलं होतं, 'डॉक्टर, खेळत राहू की थांबू? तुम्ही सांगाल तसं.' अण्णासाहेबांनी 'थांबा' असं पाच वेळा लिहिलं आणि पाचही वेळा कागद फाडला. एवढ्या गुणी माणसाचा खेळ आपल्या एका शब्दाने संपावा, हे त्यांना पेलवेना.

आज मोबाइलवर हिनात्सूच्या निवृत्तीची मुलाखत लागली. तो हसत सांगत होता, "सौदीतल्या माझ्या डॉक्टरांनी थांबा म्हटलं नाही, म्हणून आणखी दहा वर्षं खेळलो!"

"अहो, तुमच्या भिडस्तपणाने त्याचं भलंच केलं की!" त्यांच्या पत्नी क्षमाताईंना हसू आवरेना. "आता तरी लिहा त्याला."

अण्णासाहेबांनी लगेच लिहिलं आणि मन फिरायच्या आत पत्र पोस्टात टाकूनही आले: 'माझ्या मते आपण आता थांबावं. कळवायला जरा उशीर झाला, माफी असावी.'