दोन टेकड्यांचं बी

धाकटी जाऊ दारातच थबकली. निवडुंगाची कुंडी टॉवेलात गुंडाळून तिनं कडेवर घेतली होती. काटे टॉवेलातून टोचत होते, तरी ती कुंडी खाली ठेवत नव्हती.

"आत ये. की आमंत्रण छापून देऊ?" थोरली म्हणाली. घर वेगळं झाल्यापासून ती धाकटीशी पहिल्यांदाच बोलत होती.

खिडकीत थोरलीची कुंडी होती. दोन्ही निवडुंगांना आज एकदमच फूल आलं होतं, आणि ते संध्याकाळी मिटणार होतं. वनस्पती उद्यानातली बाई बारीक कुंचला घेऊन केव्हाची वाट पाहत बसली होती.

"वाळवंटात हा निवडुंग आता उरलेलाच नाही," बाई म्हणाली. "आमच्या काचघरात शंभरेक आहेत, पण सगळे एकाच झाडाच्या फांद्या लावून वाढवलेले. आपसात फळ धरत नाहीत. एकाला रोग लागला, की सगळे जातील."

"म्हणजे तोंडं शंभर, जीव एकच," थोरली म्हणाली.

"अगदी. तुमच्या सासऱ्यांनी मात्र दोन वेगळ्या टेकड्यांवरून बी आणलं. म्हणून हे दोघं हवेत."

वाटणीत दोघींकडे एकेक गेला होता. दोन्ही दरवर्षी फुलत, फळ मात्र कधीच नाही. आपलाच हात वाईट, असं दोघीही आपापल्या घरी मनात म्हणत आल्या होत्या.

धाकटीनं टॉवेल सोडला. थोरलीनं चष्मा पुसून घेतला.

"नुसता फुगलाय. पाणी फार घालतेस."

"तुमचा वाळलाय, जाऊबाई."

बाईनं कुंचला एका फुलातून दुसऱ्यात फिरवला, मग उलट. खोलीत कुणी हललं नाही. फक्त थोरलीचे ओठ पुटपुटत होते.

"झालं. आता फळ धरेपर्यंत कुंड्या जागच्या हलवायच्या नाहीत."

धाकटीचा चेहरा उतरला. "मग माझ्याला पाणी?"

"मी घालीन की."

"तुम्ही? थेंब मोजून घालाल."

थोरली आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दाराची जादा किल्ली होती.

"मग तूच येत जा. सकाळी मी प्रार्थनेला जाते, दार बंद असतं."

धाकटीनं किल्ली तळहातावर घेतली. तिला निळा दोरा होता. या घरात असताना धाकटीनंच बांधलेला. गाठ तशीच होती.