निरोपाचा सामना

मेतवल्लीने धाकट्या भावासाठी, रिफअतसाठी, खुर्ची मागवली, तेव्हाच रिफअतच्या लक्षात आलं की काम सोपं नाही. इस्माइलियाच्या त्या आमराईत घरची माणसं पालथ्या पेटीवर बसत. खुर्ची व्यापाऱ्यांसाठी असे.

"बसा कॅप्टन," मेतवल्ली म्हणाला. "चहात साखर किती? आता आम्हाला आठवत नाही."

रिफअतने खुर्ची बाजूला सारली, एक पेटी पालथी घातली आणि भावाच्या शेजारी बसून आंबे भरायला घेतले. चीक लागेल, कपडे भारी दिसतायत, असं मेतवल्लीने बजावलं. रिफअत भरतच राहिला. दोन थर लावून झाल्यावर त्याने विषय काढला.

शुक्रवारी कैरोत त्याचा फुटबॉलमधून निरोपाचा सामना होता. गायक येणार होते, टीव्हीवाले येणार होते, शेवटी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारणार होते. त्याला मात्र एकच गोष्ट हवी होती. पहिली पाच मिनिटं तो आपल्या जुन्या, इस्माइलियाच्या क्लबाचा पिवळा शर्ट घालून खेळणार होता, आणि त्या पाच मिनिटांत मेतवल्लीने त्याच्या पुढे खेळावं, पूर्वीसारखं. पूर्वी रिफअत मागून चेंडू सोडायचा आणि मेतवल्ली बचावपटूंच्या मधून सुसाट निघून तो गाठायचा. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. मग रिफअत कैरोच्या क्लबात गेला. त्याच्यामागे मेतवल्लीला कुणी तसा चेंडू दिला नाही आणि थोड्याच दिवसांत तो आमराईत येऊन बसला.

"लोक मला शिव्या घालतील, घालू देत," रिफअत म्हणाला. "पण तू ये, दादा. तू नसशील तर त्या शर्टाला काही अर्थ नाही."

मेतवल्लीने एक आंबा उचलला, डाग दिसला म्हणून बाजूला ठेवला.

"तू कैरोकडून आमच्यावर गोल मारलास, त्याचं मला काही नाही. खेळाडू आहेस, मारणारच. पण मारून झाल्यावर दोन्ही हात वर केलेस, भरल्या मैदानात आमच्या लोकांची माफी मागितलीस. माफीच मागायची होती तर घरी यायचं होतं. आपल्या दाराला काय कुलूप होतं?"

"तू घेतलं असतंस आत?"

"चार शिव्या दिल्या असत्या. मग जेवायला वाढलं असतं."

रिफअतने पुढचा आंबा पेटीत ठेवला. मेतवल्ली पुढे बोलू लागला, आणि आवाज न चढवता बोलला, म्हणून ते जास्त लागलं. करारावर सही होईपर्यंत दुसऱ्या क्लबाने पळवू नये म्हणून कैरोच्या लोकांनी रिफअतला समुद्रकाठच्या एका फ्लॅटमध्ये आठवडाभर दडवून ठेवलं होतं. फोन काढून घेतला होता. सगळ्याच खेळाडूंना असं ठेवत, त्यामुळे रिफअतला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. घरी एक निरोप धाडा, एवढं म्हणायचंही त्याला सुचलं नव्हतं. इकडे मेतवल्ली कैरोच्या रस्त्यावरचं एकेक इस्पितळ पालथं घालत होता. आईने शोकाचे काळे कपडे पेटीतून बाहेर काढून ठेवले होते. मग एका दुपारी टीव्हीवर रिफअत दिसला, हातात पेन, गळ्यात कैरोचा रुमाल. पोरगा जिवंत आहे एवढंच आईला कळलं. ती खिडकीत गेली आणि लग्नघरात बायका घालतात तशी हर्षाची लांबलचक आरोळी तिने घातली.

सगळ्या गल्लीने ती ऐकली. पोरगा गाव विकून गेला आणि आई आनंद करतेय, असं गल्लीने ठरवून टाकलं.

"तिने सांगितलं नाही कुणाला?" रिफअतने विचारलं.

"सांगायची ना. शेवटपर्यंत सांगत होती. भाजीवालीला, दळणवाल्याला. माझा मुलगा जिवंत होता हो, म्हणून ओरडले मी. लोक मान हलवायचे आणि पुढे जायचे."

आईच्या मातीला रिफअत आला होता आणि संध्याकाळच्या आत परतला होता. घरात रडायला बायका इतक्या कमी का, हे त्याने तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं. आता त्याला विचारायची गरज उरली नाही. तो उठून उभा राहिला.

पुढच्या मोकळ्या जागेत मजुरांनी दुपारी खेळून टाकलेला मोज्याचा चेंडू पडला होता, आत स्पंज कोंबून दोऱ्याने करकचून आवळलेला. रिफअत तिथवर गेला. मान वर न करता त्याने चेंडू दोन झाडांच्या मधून सोडला. मेतवल्लीच्या पायात नव्हे, त्याच्या बराच पुढे, मोकळ्या जागेत.

मेतवल्ली उठला. हातात आंबा तसाच होता. तो दोन पावलं खरंच धावला, अंग पुढे झुकवून, अगदी पूर्वीसारखा. तिसऱ्या पावलाला गुडघ्याने दगा दिला आणि त्याने झाडाचा आधार घेतला. चेंडू सावकाश गडगडत गेला, जिथे जायचा होता तिथून पुढे गेला आणि पाटाच्या पाण्यात पडला.

दोघंही पाण्याकडे बघत राहिले.

"तुझा पास अजून बरोबर जातो," मेतवल्ली म्हणाला. "शुक्रवारी कुणीतरी धावणारा बघ."