दिवसभरात आठ ट्रक

"आठ? सकाळपासून फक्त आठ ट्रक? प्रेरणा, मोजताय की झोपा काढताय?"

बुलढाण्याच्या ऑफिसातून नीळकंठ सर फोनवर कडाडले. प्रेरणानं मोबाईल कानापासून लांब धरला. आता या माणसाला काय सांगायचं, कपाळ! अमडापूरच्या बाजाररस्त्यावर ती स्वतः टेबल मांडून बसली होती. ट्रक गेला की कागदावर रेघ ओढायची, एवढंच काम. पण रेघ ओढायला ट्रक तर हवा!

आजच्या या मोजणीवर सगळं ठरणार होतं. वाहतूक जास्त निघाली तर हायवेसाठी रस्ता रुंद, म्हणजे कडेची दुकानं जमीनदोस्त. त्यात पहिलं माणिकरावांचं हॉटेल.

आणि हेच माणिकराव सकाळपासून तिला फुकट चहा पाजत होते. वर गालातल्या गालात हसत होते. त्या हसण्यानंच तिचं डोकं फिरलं.

"काका, खरं सांगा. ऐन सोयाबीनच्या हंगामात ट्रक गेले कुठं?"

"मले काय माहीत बाई? येऊनच नाही राह्यले."

"सारखे फोन कुणाला करताय मग? आंधळी नाहीये मी!"

माणिकरावांचं हसू मावळलं. किटली खाली ठेवत ते हळूच म्हणाले, "बापानं उभं केलेलं हॉटेल आहे पोरी. याच भट्टीवर दोन पोरी उजवल्या. सगळ्या ड्रायव्हरायले हात जोडले, आजच्या दिवस दुसरीकडून जा म्हटलं. लिहाचं असन तर लिही."

प्रेरणा चिडली, वैतागली, आणि शेवटी विरघळली. मोजायचं काम आपलं. आले तेवढे मोजले. संध्याकाळपर्यंत आकडा आठच राहिला; तिनं तोच लिहून सही ठोकली.

"रस्ता रुंद होत नाही आता. तुमच्या विटेलाही धक्का नाही. झालं समाधान?"

"देव भलं करो तुह्यं!" माणिकरावांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि भज्यांची प्लेट भरायला घेतली.

तेवढ्यात ऑफिसातल्या धम्मशीलाचा फोन आला. आठ ट्रक ऐकून वैतागलेल्या सरांनी धम्मशीलाला दुपारीच गावामागच्या कच्च्या रस्त्यावर मोजणीला पिटाळलं होतं. भजी खाता खाता प्रेरणानं स्पीकर लावला.

"ताई, इकडे ट्रकच ट्रक! कागद संपले माझे. सर म्हणाले, सगळी वाहतूक इकडूनच आहे तर हायवे इकडूनच काढू, गावात एकही गाडी शिरायला नको!"